सायकल, वजन आणि आंबेनळीचा उतार



बाबांच्या जड सायकलवरून मी शाळेत यायचे, आठवतं ना? आता माउंटन बाइक आहे. चाकं, सीटपोस्ट बदलून तिचं वजन दीड किलोनं उतरवलं. गेल्या पावसाळ्यात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरकडे उतरताना मात्र ब्रेक लागेनात. ओल्या रेतीनं पॅड पार धातूच्या पट्टीपर्यंत झिजले होते. डोंगराकडच्या गटारात सायकल घातली, म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे. पॅडची जोडी अवघ्या काही ग्रॅमची! निघण्यापूर्वी ती बघायला दोन मिनिटं पुरली असती. गणिताच्या बाई म्हणायच्या, "पेपर देण्याआधी एकदा तपासा गं." बाई, आता तपासते.