नाकासकट मास्क



20 सप्टेंबर 2018 च्या सकाळी जेट एअरवेजचं विमान 166 प्रवासी घेऊन मुंबईहून जयपूरला निघालं. ते वर चढत होतं तोच लोकांचे कान ठणकू लागले, डोकी दुखू लागली आणि छतातून प्राणवायूचे मास्क खाली लोंबले. तीसेक जणांच्या नाकांतून रक्त आलं, काहींच्या कानांतूनही. विमान मुंबईला परत आणलं. घातपात नव्हता, मोडतोड नव्हती. केबिनमधला हवेचा दाब राखणारा स्विच लावायचा राहून गेला होता.

आंबा घाट उतरताना कानांना दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात. विमानात तेच होतं, पण झपाट्याने. सर्दीने चोंदलेल्या माणसाचे तर हालच.

इंजिनात दाबलेली हवा थंड करून केबिनमध्ये सोडतात आणि शेपटीकडच्या झडपेतून बेताने बाहेर जाऊ देतात. तरी आतला दाब जमिनीवरचा नसतो, 6,000 ते 8,000 फुटांवर असावा तेवढाच असतो. कळसूबाई साधारण 5,400 फूट. म्हणजे विमानातला तो महागडा चहा आपण कळसूबाईच्याही वर बसून पितो!

कान दुखले तर निदान कळतं तरी. प्राणवायू कमी पडतो तेव्हा मात्र जीव गुदमरेलच असं नाही. कधी उलट मजेत वाटतं, साधा हिशेब चुकतो, आणि आपलं काही बिघडलंय हेच उमगत नाही. 35,000 फुटांवर दाब गेला, तर शुद्धीत राहून काही करायला अर्धा ते एक मिनिट मिळतं. ऑगस्ट 2005 मध्ये सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात दाब घटल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला होता. वैमानिकांना तो भलत्याच बिघाडाचा वाटला. 121 माणसं गेली.

म्हणून वैमानिक आधी स्वतःचा मास्क चढवतो, मगच विमान 10,000 फुटांकडे खाली घेतो. तेव्हा विमान कोसळतंय असं वाटेल. ते कोसळत नसतं, मुद्दाम उतरवलेलं असतं.

आपणही मास्क जोराने खाली ओढायचा. बऱ्याच विमानांत त्या ओढण्यानेच प्राणवायू तयार व्हायला लागतो, आणि तो बारा-पंधरा मिनिटं पुरतो. जळका वास येईल, मास्कची पिशवी फुगेलच असं नाही, घाबरू नका. नाक आणि तोंड दोन्ही झाका. एप्रिल 2018 मध्ये अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीच्या विमानातला फोटो जगभर गेला, त्यात कित्येकांची नाकं बाहेरच होती. आणि आधी स्वतःचा, मग पोराचा. आईला हे पटणं कठीण, पण तीच बेशुद्ध पडली तर पोराला मास्क लावायचा कोणी?

तीन आसनांच्या ओळीवर बहुधा चार मास्क असतात, चौथा मांडीवरच्या बाळासाठी. म्हणूनच एका बाजूच्या तीन आसनांत दोन तान्ही बाळं बसू देत नाहीत. जागा बदला म्हणाले, तर हुज्जत घालू नका.