गल्ल्याचे चार भाग



नवा धंदा काढणाऱ्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, दुकानाचा गल्ला म्हणजे घरखर्चाची पिशवी नव्हे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, चौथा संकटकाळासाठी.

आरंभ लहानच करा. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज तारणावाचून मिळते. मात्र त्या पैशात लग्नकार्य उरकू नका. खरेदी, विक्री व उधारी रोज वहीत लिहा. ती वही घरातील स्त्रीनेही पाहावी. चौथा भाग शाबूत राहिला, तर आजारपणातही सावकाराच्या ओट्यावर हात जोडून उभे राहावे लागणार नाही.

जय भीम!