परीक्षकाची परीक्षा

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतींत यंत्र उघडण्यापूर्वीं कारागीर मल्टिमीटर लावतो. मीटर शून्य दाखवितो. पण हें शून्य विजेच्या अभावाचें, कीं मीटरच्याच बिघाडाचें? उत्तर चुकल्यास जीवावर बेततें.

१९२३ मध्यें इंग्लंडांत निघालेल्या ॲव्होमीटरनें अँपिअर, व्होल्ट व ओहम हीं तिन्ही मापें एका पेटींत आणलीं. तथापि मीटरची परीक्षा माणसासच करावी लागते. जाणता कारागीर मीटर आधीं चालू विजेवर, मग संशयित जागीं, आणि पुन्हा चालू विजेवर लावतो.

ओहमच्या मापावर दोन्ही टोकें एकमेकांस टेकवूनही शून्याजवळचें माप न मिळाल्यास प्रथम तारा व सेल तपासावे. केवळ अँपिअर मिळत नसतील तर फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागीं त्याच जातीचा व क्षमतेचा फ्यूज घालावा, साधी तार कदापि नव्हे. नाहींतर रक्षकच हातांत फुटावयाचा.