फोटोतली माणसं आणि त्यांची नावं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपला जिल्हा चंद्रपूरच होता, गडचिरोली वेगळा व्हायचा होता, तेव्हा मी चंद्रपूरला सर्कस पाहिली. तेव्हापासून सर्कशीचे जुने फोटो जमवायचा नाद लागला. कलावंत ओळखायचा तर आधी फोटोची मागची बाजू बघायची, मग तंबूवरची अक्षरं, पोशाख, सोबतचं जनावर. पण माणूस सापडला तरी त्याचं नाव तोंडात नीट बसतंच असं नाही.

ज्यांची सर्कस पाहून विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढली, त्या इटालियन गृहस्थांना मी कैक वर्षं ‘चिआरिनी’ म्हणत होते. इंग्रजी वाचनाची सवय! इटालियन लोक तिथं ‘क’ म्हणतात. ते कियारिनी. केरळात तलश्शेरीला १९०१ साली सर्कशीचं शिक्षण सुरू करणाऱ्या कीलेरी गुरुजींना मी ‘कुन्हीकन्नन’ करून टाकलं होतं. ओळखीच्या मल्याळी सिस्टरनं सुधारलं: कुञ्ञिक्कण्णन. आणि आपले पुण्याचे दामू धोत्रे, अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीत बिबट्यांबरोबर काम करून गाजलेले! इंग्रजी लिपीत ध-ढ आणि त-ट सारखेच. माझ्याच नातवानं त्यांना ‘ढोट्रे’ वाचलं. मी त्याला रागावले.

पण रागवायचा मला काय अधिकार?

या स्मरणिकेसाठी आपल्या दहावीच्या फोटोखाली नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी आपली भामरागडकडची माडिया मैत्रीण. मी वर्गाची मॉनिटर होते. हजेरी घेताना तिचं नाव मला ‘चुकीचं’ वाटायचं, म्हणून मी ते माझ्या मनानं ‘शुद्ध’ करून पुकारायचे. तिनं दोनदा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा नुसतं ‘हजर’ म्हणाली. मग तेच नाव सगळ्या वर्गाच्या तोंडी बसलं.

परवा तिला फोन केला, सगळं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, “इटलीवाल्याचं जमलं तुला, माझंच राहिलं होय?”

हसून म्हणाली, पण मला ते लागलं.

फोटोखालचं नाव आता तिनं सांगितलं तसं लिहिलंय. ती इथं पुढेच बसली आहे. मी पुन्हा चुकण्यापेक्षा तिनंच उठून ते मोठ्यानं सांगावं, आणि आपण सगळ्यांनी तिच्यामागून म्हणावं. शाळेत पाढे म्हणायचो तसं.

ये गं, माइक घे.