ग्रंथाच्या अखेरची पाने



अनुक्रमणिका ग्रंथाच्या आरंभी असते. लेखकाने कोणत्या क्रमाने सांगितले, ते ती दाखविते. सूची अखेरीस असते आणि वाचकाला हवे ते कोठे सापडेल, हे सांगते. गाथेच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे यादी छापण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. शंकर गणेश दाते यांनी तर १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली. तरीही आपली चरित्रे बहुधा सूचीवाचूनच निघतात. पृष्ठांक कायम झाल्यावरच सूची करता येते, आणि प्रकाशकाची घाईही नेमकी तेव्हाच सुरू होते!

हे काम कारकुनी नव्हे. आपल्या धारवाड-हुबळ्ळीचेच उदाहरण घ्या. संगीतावरील एखाद्या ग्रंथात ‘रामचंद्र कुंदगोळकर’, ‘रामभाऊ’ आणि ‘सवाई गंधर्व’ अशी तीन नावे येतात. व्यक्ती एकच. मुख्य नोंद लोकांच्या तोंडी असलेल्या नावाखाली करावी आणि उरलेल्या ठिकाणी ‘पाहा’ असा निर्देश द्यावा, हे माझे मत. मग प्रश्न अनुस्वाराचा. तो आधी धरला तर ‘गंधर्व’ हा शब्द ‘गदग’च्या अगोदर येतो, ‘गन्धर्व’ असा परसवर्ण मानला तर नंतर. कोणताही नियम पत्करावा, पण तो शेवटपर्यंत पाळावा आणि सूचीच्या आरंभी छापावा. हुबळीचे अधिकृत नाव २०१४ पासून हुबळ्ळी झाले. जुन्या ग्रंथांच्या वाचकासाठी तोही निर्देश आता हवा. नोंदीपुढे नुसते चाळीस पृष्ठांक मांडणे म्हणजे वाचकाला पुन्हा रानात सोडणे होय. ‘शिक्षण’, ‘नाटकातील भूमिका’, ‘शिष्य’ असे पोटभाग पाडावेत.

याहून नाजूक गोष्ट निराळीच आहे. गंगूबाई हनगल यांच्या मातोश्री अंबाबाई कर्नाटक संगीत गात. मुलीच्या हिंदुस्थानी गायकीत व्यत्यय येऊ नये म्हणून त्यांनी आपले गाणे थांबविले. ग्रंथात त्यांचा उल्लेख अनेकदा नुसता ‘आई’ असा येतो. संगणक ‘अंबाबाई’ हा शब्द शोधील. ‘आई’ म्हणजे कोण, हे पान वाचणाऱ्यालाच कळते. सूचीकाराने ती पृष्ठे ‘अंबाबाई’ या नावाखाली आणली नाहीत, तर उद्याच्या अभ्यासकाला ही गायिका भेटणारच नाही. तिला फक्त गंगूबाईंच्या नोंदीत पोटभाग म्हणून ठेवणे मला अपुरे वाटते. तिची नोंद स्वतंत्र असावी.

विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेच्या ग्रंथालयातील सूची नसलेले एक लहानसे चरित्र निवडा. प्रत्येक नावाला एक चिठ्ठी करा, तीवर पृष्ठांक लिहा आणि चिठ्ठ्या अकारविल्हे लावा. ‘त्यांची पत्नी’, ‘एक शिष्या’, ‘तबलजी’ असे जेथे आढळेल तेथे थांबा आणि ग्रंथात अन्यत्र नाव दिले आहे का, ते पाहा. तयार झालेली पाने त्या प्रतीच्या शेवटी चिकटवण्यास ग्रंथपालांनी अनुमती द्यावी, असे मी येथेच सुचवितो.