पाण्यावर जाण्यापूर्वी
(मंडळाच्या वार्षिक सहलीपूर्वी झालेल्या सभेतील भाषण)



येत्या रविवारी आपली सहल कावेरीकाठी तलकाडला जाणार आहे. त्यानिमित्त 'लहान मुले आणि नौकाविहार' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांनी मला आज्ञा केली. मी या विषयाचा तज्ज्ञ नव्हे. माझी हयात केंद्र सरकारच्या कचेरीत फायली चाळण्यात गेली. परंतु या बाबतीत माझ्या हातून एक प्रमाद घडला आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

माझे बालपण सांगलीस कृष्णेकाठी गेले. काकांनी पाठीला सुके भोपळे बांधून आम्हांला पाण्यात लोटले आणि आम्ही पोहू लागलो. बंगळूरला तशी मोठी नदी नाही. कावेरी सुमारे शंभर किलोमीटरांवरून नळावाटे घरात येते. आपल्या मुलांना पाण्याची ओळख असते ती नळाची, आणि सहलीच्या दिवशी ती एकदम नदीसमोर उभी राहतात.

तीन वर्षांपूर्वी माझी पाच वर्षांची नात, लेक आणि मी कावेरीवर हरिगोलूत बसलो. हरिगोलू म्हणजे बांबूच्या कामट्यांची टोपलीसारखी गोल नाव. पूर्वी तिला कातडे मढवीत, आता प्लॅस्टिक आणि डांबर लावतात. इ. स. 1520च्या सुमारास विजयनगरास आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाइश याने अशा नावा पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. तिचा तळ सपाट असतो, म्हणून ती उथळ, खडकाळ पाण्यातूनही जाते. मात्र भार एका बाजूस गेला की तीच कड पाण्याकडे झुकते.

काठावर मिळालेले जाकीट मोठ्या माणसाच्या मापाचे होते. लेक म्हणाली, "बाबा, हे फार सैल होतंय." मी हसून म्हणालो, "अगं, मी कृष्णेत पोहलेला माणूस आहे. दहा मिनिटांचा तर प्रश्न!" नदीच्या मध्यावर एक बगळा उडाला. नात पाहायला उभी राहिली, तिला धरायला मीही त्याच बाजूस झुकलो, आणि पाणी आत आले. मी तिचे जाकीट घट्ट पकडले. जाकीट माझ्या हातात वर आले आणि मूल त्यातून खाली सरकले. नावाड्याने तिचा दंड धरला म्हणून आज मी आपल्यापुढे उभा राहू शकतो. माझे पोहणे त्या क्षणी कुठल्याच कामी आले नाही.

घरी आल्यावर तिला रागावण्याचे मला धैर्य झाले नाही. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या टबात परात तरंगत ठेवली. तिच्यात सगळीकडे सारख्या वाट्या मांडल्या. परात स्थिर राहिली. मग सर्व वाट्या एका कडेस सरकविल्या आणि परात बुडाली. नातीने तो खेळ दहा वेळा केला. 'उभे राहू नकोस' हे शंभरदा सांगून जे उमगले नसते, ते तिला परातीने शिकविले.

त्यानंतर आम्ही काही नियम ठरविले. जाकीट घालून पट्टे आवळावेत आणि खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत आले तर ते मुलाचे नव्हे. लहानांच्या जाकिटाला मांड्यांमधून जाणारा पट्टा असावा. नावेत एकेकाने, मध्यभागी पाय ठेवून उतरावे आणि लगेच बसावे. नाव उलटलीच तर तिला धरून राहावे. कोणी पाण्यात पडले तर मुलाने मागोमाग उडी न घेता ओरडावे, दोर किंवा ओढणी फेकावी. नावाड्याची सूचना कानडीत येते, म्हणून 'कूतको', म्हणजे 'खाली बस', हा शब्द मुलांना आधीच शिकवावा. आणि मोठ्यांपैकी एकाने मुलापासून हाताच्या अंतरावर बसावे. त्याच्या हातात कॅमेरा नसावा.

आपल्यापैकी अनेकांचे आप्त बडोद्यास आहेत. 18 जानेवारी 2024 रोजी तेथील हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका मृत्यू पावल्या. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जाकीट नव्हते. त्या मुलांना मोठ्यांनी बसविले आणि ती विश्वासाने बसली. म्हणून मला वाटते, नियमांइतकेच मुलाला 'मी बसणार नाही' असे म्हणण्याची मुभा देणे अगत्याचे आहे.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा नदीवर गेलो. नातीने काठावरच विचारले, "आजोबा, माझ्या मापाचं जाकीट कुठे आहे?" ते नव्हते. दोन तासांचा प्रवास करून आलेलो, पैसेही भरलेले. मी क्षणभर घुटमळलो, हे प्रांजळपणे कबूल करतो. तिने माझा हात ओढला, "मग आपण नको जाऊ या." आम्ही वाळूत बसून दडपे पोहे खाल्ले आणि इतरांच्या नावा पाहिल्या. ती थोडी हिरमुसली, पण तिला कोणी 'भित्री' म्हटले नाही.

रविवारी आपल्याबरोबर बरीच मुले असतील. त्यांच्यापैकी कोणी असा प्रश्न विचारला, तर कृपा करून हसू नका. आधी जाकीट पाहा.