लग्न लावण्याचा अधिकार
(पाबळ येथील भाषणाचा सारांश)

सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला. त्याचा खर्च पानसुपारीपुरताच होता. १८८७ साली जोतीरावांनी हा विधी पुस्तकरूपाने छापला; त्यात वधू स्त्रियांचे हक्क मागते आणि वर ते देण्याची प्रतिज्ञा करतो. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, ओतुरास, बाळाजी कुसाजी पाटलांनी पुरोहितावाचून लग्न लावले, तेव्हा ग्रामजोशांनी दक्षिणेसाठी कोर्ट गाठले. तंटा मंत्रांचा नव्हता, वतनाचा होता.

आज दक्षिणा हा लग्नखर्चातील सर्वांत किरकोळ आकडा आहे. मांडव, जेवणावळी, मानपान आणि आता तो कर्णकर्कश डीजे, यांपायी शेतकरी कर्जात उतरतो. अशा मांडवात उभा राहून प्रतिज्ञा वाचणारा कार्यकर्ता केवळ भटजींची जागा घेतो. त्याचे खरे काम दोन महिने आधी सुरू व्हावयास हवे. त्याने मुलीची संमती तिला एकटीला विचारून घ्यावी, वयाचे दाखले पाहावेत, दोन्ही घरांसमोर खर्चाची यादी मांडून तीवर काट मारावी. हुंडा ठरला असेल तर लग्न लावण्यास साफ नकार द्यावा. लग्नानंतर १९९८ च्या राज्य कायद्यानुसार नोंदणीही करून द्यावी.

वधूवरांचे धर्म भिन्न असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याची अडचण मस्तानीची कबर असलेल्या गावाला निराळी समजावून सांगावयास नको. नोटिशीनंतर तीस दिवस थांबावे लागते, नोटीस कचेरीत लागते आणि नातलग जागे होतात. तो महिनाभर त्या मुलीला कोणाच्या घरी आसरा मिळणार, हे विधी ठरविण्याआधी ठरले पाहिजे.